'येतो' न म्हणता निघाले

बोटीवरच्या माझ्या खोलीला आतून कडी नव्हती.

म्हणजे आधी होती, ती कोणीतरी काढून नेली होती. दाराच्या आतल्या अंगाला स्क्रूची भोकं ताजी होती आणि खाली फळ्यांवर लाकडाचा भुसा पडला होता. मी शेजारच्या खोलीत डोकावले. तिथे नागपूरचं एक जोडपं सामान लावत होतं आणि त्यांच्या दाराला चांगली जाडजूड कडी होती. पलीकडच्या रिकाम्या खोलीचं दार ढकललं, तर तिथेही कडी. साऱ्या बोटीत फक्त माझंच दार बिनकडीचं. हातातली पिशवी खाली न ठेवता मी त्या भोकांकडे बघत राहिले आणि माझं डोकं सणकलं. एकटी बाई म्हणजे यांना काय धर्मशाळा वाटली?

मी मॅनेजरला हाक मारली. तिशीतला, गोड बोलणारा माणूस. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, ते बिघडली होती. दुरुस्तीले गेली."

"मंग मले ते पल्याडची खोली द्या."

"ते बुक आहे."

"रिकामी दिसून राहिली."

"येतीन ना मॅडम लोक."

लोक काही आले नाहीत. ती खोली रिकामीच राहिली आणि मी बिनकडीच्या दारामागे. तेव्हा मला वाटलं, जास्तीत जास्त वाईट काय असेल, तर या माणसाच्या मनात काहीतरी काळंबेरं असेल. खरं कारण मला सुचणं शक्यच नव्हतं.

या सफरीवर मी किती आस लावून बसले होते, ते आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर दाराच्या कडीसाठी एवढा थयथयाट कशाला, असं कोणीही म्हणेल.

आमचं घर विणकरांचं. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणणारं. नवरा माग चालवायचा, मी धाग्याच्या कांड्या भरून द्यायची, आणि असंच सगळं आयुष्य खटक-खटक आवाजात गेलं. दोन पावसाळ्यांपूर्वी तो गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. मुलगी पुण्याला असते. एका अंगणाला धरून मोठ्या दिराचं बिऱ्हाड आहे. मोठी जाऊ, जिला मी बाई म्हणते, ती तेव्हापासून माझ्या मागे लागली. मागे लागली म्हणजे अक्षरशः. तिने आपली खाट माझ्या खोलीच्या दारात आडवी टाकली. मी न्हाणीत गेले की बाहेरून विचारणार, "झालं का वं?" मी बाजारात निघाले की हिच्या पायात चपला. विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली. मी दार लोटून जरा पडले की कडी वाजवणार, आणि उठून उघडलं की म्हणणार, "काही नाई, साखर आहे का पाहत होतो." हिच्या घरात साखरेची पोती असावीत इतकी साखर तिने माझ्याकडून नेली.

मुलगीही तशीच. सकाळ, दुपार, संध्याकाळ फोन. जेवलीस का, झोपलीस का, आवाज असा का येतोय. मी चिडून म्हणायची, अगं, मी विधवा झाले आहे, कुकुलं बाळ नाही.

आणि तलाव. आमच्या गावाला लागून मालगुजारीच्या काळातला तलाव आहे. सगळ्या बाया तिथे धुणं धुतात, गप्पा मारतात, एकमेकींची उणीदुणी काढतात. मला मात्र तिथे बंदी. कारण काय, तर एक चादर. तेरवी, म्हणजे तेरावा, आटोपल्यावर एका सकाळी मी नवऱ्याच्या अंथरुणातली चादर धुवायला घेऊन गेले होते. निळ्या काठाची. ती हातातून सुटली, आत आत जाऊ लागली, मी तिच्यामागे पाण्यात शिरले. एवढंच झालं. पण बाई कुठून मागे आली कोण जाणे, बोंब ठोकत पाण्यात उतरली आणि मला केसांना धरून बाहेर ओढलं. अर्धं गाव जमा झालं. चादर तर गेलीच, वर माझा तलावही गेला. हा किस्सा मी पाहुण्यारावळ्यांना रंगवून सांगायची आणि स्वतःच हसायची. बाई तेवढ्यात उठून चुलीकडे जायची.

मला वाटायचं, हिला सत्ता गाजवायची आहे. नवरा नसलेली जाऊ म्हणजे हातात आलेलं ढोर. दावं आखूड ठेवलं की झालं.

मग भंडाऱ्याच्या बस स्टँडवर मला तो फ्लेक्स दिसला. छोट्या बोटीतून जंगल. धरणाच्या साचलेल्या पाण्यातून थेट अभयारण्याच्या काठापर्यंत, रात्री बोटीवरच मुक्काम. चित्रात पाण्यातून वर आलेली वाळलेली झाडं आणि त्यांवर बसलेले पाणकावळे होते. झाडं, पक्षी यांचं मला फारसं वेड नाही. माझ्या मनात वेगळंच आलं. चारी बाजूंनी पाणी असेल, तर बाई साखर मागायला येणार कशी? तिथेच उभी राहून मी फ्लेक्सवरचा नंबर लावला आणि एका माणसासाठी जागा सांगितली. पलीकडच्याने दोनदा विचारलं, "सोबत कोण?" मी दोनदा सांगितलं, "कोणी नाही."

घरी येऊन सांगितलं तेव्हा बाई तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"पान्यात?" ती म्हणाली.

"बोटीत."

"कोनासंगं?"

"एकटी."

"मी येतो संगं."

"तुमी आल्या तं मी एकटी कायची?"

त्यावर आमचं जुंपलं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण शेवटी मी पैज लावल्यासारखं म्हटलं, "एवढी एक गोष्ट मी एकटीनं करून परत आलो, तं तुमची खाट माझ्या दारातून हलली पाहिजे. मंजूर?" बाई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मी मनाशी ते मंजूर धरलं. ही सफर नीट पार पडली की मला माझं दार परत मिळणार होतं, माझा बाजार, माझा तलाव परत मिळणार होता. बिनसली, तर मी जन्मभर त्या खाटेच्या आड. म्हणून एवढी आस.

निघायच्या सकाळी तिने माझ्या हातावर दही-साखर ठेवली. मी ती चाटली, कपाटाची किल्ली तिच्या हातात दिली आणि पिशवी उचलली. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "दर घंट्याले फोन करजो. आन पान्याच्या कडेले बसू नको. आन रातच्याले कडी लावू नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जातो!" मी म्हटलं आणि उंबरा ओलांडला.

आमच्याकडे घरातून निघणारं माणूस 'येतो' म्हणतं. बायाही 'येतो'च म्हणतात. पानटपरीवर जाणारा म्हणतो, लग्नाला जाणारा म्हणतो, दवाखान्यात ऑपरेशनला चाललेलाही म्हणतो. 'जातो' कोणी म्हणत नाही. ते ज्याला परतायचं नसतं त्याचं बोलणं. मला हे लहानपणापासून ठाऊक आहे आणि ठाऊक होतं म्हणूनच मी ते म्हटलं, बाईला झोंबावं म्हणून. मागून तिचा आवाज आला, "येतो म्हन वं! माय, येतो म्हन!" मी मागे पाहिलं नाही. समोर आलेल्या ऑटोत बसले.

पवनीला उतरून धरणाच्या काठावर पोचेपर्यंत माझा राग पार विरला होता. बोट बघितल्यावर तर मी खुळ्यासारखी हसले. दोन मजली, पांढरी, वर कापडी छत, आमच्या गल्लीतल्या एखाद्या घराएवढी. बसल्यावर माझ्यासमोर होतं ते पाणी म्हणजे आमची वैनगंगाच, पण अशी पसरलेली, सुस्त, मी कधी पाहिली नव्हती. बुडलेल्या झाडांचे वाळके शेंडे वर आलेले. लांब काठाला चितळांचा कळप पाणी प्यायला उतरला होता. इंजिनचा आवाज मागावरच्या धोट्यासारखा एका लयीत चालला होता आणि मला कोणी काही विचारत नव्हतं. मी सुखी होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे कळलं त्यानंतर या सुखाचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही. पण तेव्हा मी सुखी होते, पोटभर.

कडीची भानगड मला खोलीत गेल्यावर कळली. त्यानंतर मात्र एकेक गोष्ट डोळ्यांत खुपू लागली.

चहाच्या वेळी सगळ्यांनी बोटीत चढताना दिलेली नारंगी लाइफ जाकिटं काढली. मी काढायला लागले तर गाईड पोरगी धावत आली. जवळच्याच गावची, खाकी शर्ट घातलेली, चुणचुणीत पोरगी. "मावशी, तुमी राहू द्या." मी विचारलं, "काहून?" "तुमाले शोभून राहिलं." जाकीट शोभतं! मी पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिले तर इंजिनचा आवाज एकदम खाली आला आणि बोट रांगायला लागली. मी मागे आले, बोट पळायला लागली. पुन्हा पुढे गेले, पुन्हा रांगली. कठड्याशी उभी राहिले तर स्वयंपाकी वाटाण्याच्या शेंगांची परात घेऊन माझ्याच पायाशी येऊन बसला. एवढ्या मोठ्या बोटीत त्याला शेंगा सोलायला दुसरी जागा नव्हती.

सगळ्यात कहर केला तो नागपूरच्या बाईने. तिची माझी ओळख ना पाळख. जेवताना ती माझ्या शेजारी सरकली, माझा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "काकू, सगळं ठीक होतं हो. वेळ जाऊ द्यायचा असतो." आणि माझ्या ताटात आपल्या डब्यातला बेसनाचा लाडू ठेवला.

मी लाडू खाल्ला. हिला माझं काय ठीक व्हायला हवं आहे?

मला वाटलं, एकटी बाई फिरायला निघाली म्हणजे लोकांना ती आपोआप दुःखी वाटते. पुरुष एकटा निघाला की हौशी, बाई एकटी निघाली की बिचारी. या विषयावर मी मनातल्या मनात एक फर्मास भाषणही रचलं, आणि मॅनेजरला ते ऐकवायचं ठरवून झोपायला गेले. गाईड पोरगी माझ्या दाराशी चटई टाकून बसली होती.

"तू अठी काहून झोपून राहिली?"

"आत उकडते मावशी."

हिवाळ्यात! मी दार लोटलं. घर सोडून, अख्खं धरण मध्ये घालून आले, तरी दारातली खाट काही सुटली नाही, असं मनात आलं आणि रडूच फुटायचं बाकी राहिलं.

सकाळी बोट काठाकडे वळली. नाश्ता काठावर होता, आणि त्यानंतर मुख्य सफर, जंगलात शिरणाऱ्या खाडीतली. पोरगी चहा घेऊन आली तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

"खरं सांग. नाई सांगशीन तं मी आता अठीच जाकीट काढतो."

मी ते गमतीत म्हटलं होतं. पोरीच्या हातातला चहा सांडला. तिने माझा हात दोन्ही हातांनी असा धरला की तिची नखं मला रुतली.

"नोका मावशी," ती म्हणाली, "तुमच्या पाया पडतो. तुमच्या घरून फोन आला होता."

"कोनाचा?"

"तुमच्या जाऊबाईचा. म्हने, ते 'जातो' म्हनून निंगाल्या आहेत. किल्ली देऊन निंगाल्या आहेत. एक घडी एकटं सोडू नोका म्हने. बुकिंगवाले तं तुमचं नावच काटत होते, पर जाऊबाई रडल्या. म्हने, तिले नाई म्हनाल तं ते दुसरीकडं जाईन, तुमच्याकडं माणसं तरी आहेत."

कडी, जाकीट, वाटाणे, लाडू. सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं. या बोटीवरच्या प्रत्येक माणसाने कालपासून माझ्याकडे पाहिलं ते जीव द्यायला आलेली बाई म्हणून! मी चितळं बघून हसत होते तेव्हासुद्धा. लाडू खाताना तर नक्कीच.

आणि काठावर, पायऱ्यांवर, बाई बसलेली होती.

कालचीच साडी. केस विस्कटलेले. तिचं माहेर आसगावचं, तिथून पवनी जवळ. रात्री माहेरी थांबली होती आणि पहाटेच भावाने मोटरसायकलवरून आणून सोडलं होतं. बोट टेकली तशी ती उठून उभी राहिली, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि पुन्हा मटकन खाली बसली.

मी उतरले ती तोफच. आजूबाजूला नागपूरचं जोडपं, बोटीवरचे बाकीचे कॅमेरेवाले प्रवासी, मॅनेजर, कोणाचीही भीड ठेवली नाही. "माहा तमाशा केला तुमी! चार लोकांत मले येडी ठरवली! एक शब्द रागात निंगाला, त्याच्यावरून अख्खी बोट पाळतीवर लावली? अवो बाई, मले जीव द्याचा असता तं दोन वर्सात दिला नसता का? दिला का कधी?"

बाईने मान वर केली.

"दिला होता," ती म्हणाली. "आमी काढून आनला."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चुकलं. मी विचारलं, "काय?"

"तलावात. तेरवीनंतर."

मी हसले. खरंच हसले. "ते चादरीचं म्हनता काय? चादर वाहून जाऊन राहिली होती ना!"

"चादर नव्हती माय."

"निळ्या काठाची. त्यायच्या अंथरुनातली."

बाई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत सत्ता नव्हती, राग नव्हता. दुखणाईत माणसाशी बोलतात तशा सावकाश आवाजात ती म्हणाली, "त्यायचं अंथरून तिसऱ्याच दिवशी देऊन टाकलं होतं. तूच घडी करून देलं. चादर घरात होतीच कुठं?"

'होती ना' म्हणायला मी तोंड उघडलं.

आणि मला आठवलं. मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. तिसऱ्या दिवशी ओसरीवर बसून मी गादी, उशी, गोधडी एकावर एक ठेवली होती. आणि सगळ्यात वर ती चादर. निळा काठ बाहेर दिसेल अशी घडी केली होती. न्यायला आलेल्या माणसाने ते गाठोडं डोक्यावर घेतलं आणि तो गल्लीच्या वळणापर्यंत जाईपर्यंत मी बघत होते. हे मला स्वच्छ आठवलं. आणि पाण्यात माझ्यापुढे पुढे सरकणारी चादरही मला तितकीच स्वच्छ आठवत होती. आजही आठवते. दोन्ही खरं कसं असेल?

"घाटावर तुह्या चपला होत्या," बाई म्हणाली. "जोडून ठेवलेल्या. धुनं नव्हतं, बादली नव्हती, साबन नव्हतं. मी तुले हाका मारल्या. तू मागं नाई पाह्यलं. पानी तुह्या गळ्याले लागलं होतं. मले पोहता येत नाई माय, मी तशीच घुसलो."

"मंग मी... मंग मले काहून नाई सांगतलं?"

"सांगनार होतो. घरी आनलं, कपडे बदलून देले, तं तू म्हनाली, बाई, चादर गेली वं. दुसऱ्या दिवशी बी चादरच. पाव्हन्यायले सांगून हासाले लागली. मी म्हटलं, राहू दे. चादर असन तं चादर. हासून तं राहिली."

"माह्या पोरीले मालूम आहे?"

"तिले त्याच दिवशी सांगतलं."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुण्यांपुढे मी किस्सा रंगवायची तेव्हा ज्यांनी ज्यांनी मान डोलावली त्या सगळ्यांना. दिवसातून तीनदा फोन करणाऱ्या पोरीला. तलावावरच्या एकूण एक बाईला. गावभर पसरलेली गोष्ट फक्त माझ्यापर्यंत पोचली नव्हती, आणि ती गोष्ट माझीच होती. मी पायरीवर बसले. मला सारखं वाटत होतं की मी आठवायचा प्रयत्न केला तर आठवेल. त्या सकाळी घरातून निघताना माझ्या मनात काय होतं? मी आत आत शोधलं. तिथे काहीच नव्हतं. निळा काठ तेवढा होता.

इतकी वर्षं मी मला ओळखते असं समजत होते. मी तापट आहे, हट्टी आहे, जिभेची तिखट आहे, हे मला ठाऊक होतं. पण माझ्याच अंगात एक बाई आहे, जी मला न विचारता, चपला नीट जोडून ठेवून, पाण्यात चालायला लागते, हे मला ठाऊक नव्हतं. मला तिचीच दहशत बसली.

मॅनेजर खाकरला. सगळं ऐकलं होतं त्याने. चांगल्या शब्दांत म्हणाला, "काकू, तुमी आता घरी जाऊन घ्या. पुढची फेरी खोल पान्याची आहे. आमच्यावर जिम्मेदारी येते."

एरवी मी त्याला फाडून खाल्लं असतं. आता मात्र जायचं आहे की नाही, हे मला सांगता येईना. पैज मी हरले की जिंकले, तेही कळेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तो म्हणतो ते बरोबर असेल, असं मला वाटून गेलं.

बाई उठली. साडीचा पदर खोचला.

"जाऊ द्या तिले," ती मॅनेजरला म्हणाली.

"तुमी संगं येता का मंग?"

"नाई. एकटीच जाईन ते."

मी दचकून तिच्याकडे पाहिलं. मला म्हणावंसं वाटलं, बाई, चला ना संगं. दोन वर्षांत पहिल्यांदा वाटलं. ती माझ्यापुढे उकिडवी बसली आणि फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"माह्या बापाची धानाची बांधी होती. धान उभा झाला का डुकरं येत. राखन करा लागे. बाप म्हने, ज्याले डुक्कर मालूम आहे तोच जागते. तुले मालूमच नव्हतं, मंग कोन जागन? मी जागलो. दोन वर्स मले नीट झोप नाई माय. आता तुले मालूम झालं." तिने माझ्या जाकिटाचा पट्टा जरा ओढून पाहिला. "आता तूच राख."

एवढं बोलून ती पायऱ्या चढून झाडाच्या सावलीत गेली, पदर अंगावर घेतला आणि आडवी झाली. इतक्या लोकांसमोर, भर सकाळी. मी बोटीवर चढेपर्यंत तिला झोप लागली होती.

मॅनेजरने काय विचार केला ठाऊक नाही, पण त्याने मला अडवलं नाही. गाईड पोरगी माझ्याकडे आली, मी मान हलवली, तशी ती दुसरीकडे जाऊन बसली. स्वयंपाकीही परात घेऊन आला नाही. बोट निघाली. खाडीचं तोंड अरुंद होतं, दोन्ही बाजूंनी जंगल पाण्यापर्यंत उतरलेलं. आत शिरलो तसं पाणी काळं आणि शांत झालं, तळ दिसेना. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. मी एकटी होते. कोणी हाक मारत नव्हतं, कोणी बघत नव्हतं. बोटीचा वेगसुद्धा कमी झाला नाही.

मी कठड्याशी उभी होते. खालचं पाणी बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नजर तिकडे जात होती. ते थंड असेल. मऊ असेल. असं मनात आलं, आणि हे म्हणणारा आवाज ओळखीचा होता. माझाच होता. मी दोन्ही हातांनी कठडा धरला.

"गवा! गवा!" पोरगी ओरडली. सगळे त्या बाजूला धावले. नागपूरची बाई, कॅमेरेवाले, स्वयंपाकीसुद्धा. म्हणतात भला थोरला गवा होता, अगदी पाण्याच्या कडेला, निवांत उभा. कोणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी जागची हलले नाही. सारी बोट त्या जनावराकडे बघत होती आणि मी माझ्या हातांवर नजर ठेवून होते.